पाणी प्या म्हणता, पण जायचं कुठे?

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

आपल्या आरोग्य पुरवणीत ‘पाणी प्या, वजन घटवा’ हा लेख आला, तो आमच्या दुकानात आम्ही सगळ्याजणींनी आळीपाळीने वाचला. मी सोलापूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी, बाजारपेठेतल्या साडीच्या दुकानात बरीच वर्षं विक्रेती म्हणून काम करते. दिवसाला चार लिटर पाणी प्यायलं तर महिन्यात पाच किलो वजन उतरतं, कोमट पाण्याने पोटावरची चरबी विरघळते, मध-लिंबू घेतलं की शरीर आतून स्वच्छ होतं, असं त्या लेखात आहे. शेवटी एक वाक्य आहे: ‘पाणी प्यायला पैसे पडत नाहीत, मग आळस कशाला?’ या वाक्यासाठी मी हे पत्र लिहायला घेतलं. पाणी न पिणाऱ्या बायका आळशी नाहीत, हे कुणीतरी आपल्याला कळवायला हवं.

आधी आमच्या कामाबद्दल सांगते, म्हणजे वजनाचा विषय कुठून येतो ते ध्यानात येईल. सकाळी दहाला दुकान उघडतं आणि रात्री साडेआठ-नऊला बंद होतं. गादीवर मांडी घालून बसायचं, मागच्या कपाटातून गठ्ठा ओढायचा, साडी उलगडायची, पदर दाखवायचा, काठ दाखवायचा, परत घडी घालायची. हात दिवसभर चालतात, पाय मात्र दुमडलेलेच. लग्नसराईत एकेक बस्ता तीन-तीन तास चालतो. नवरीचा शालू, करवल्यांच्या साड्या, मानपानाच्या इरकली, आहेराच्या साध्या साड्या, सगळं एका बैठकीत. आणि बस्ता म्हटला की चहा आलाच. गिऱ्हाइकाला चहा सांगितला की आमच्यापुढेही कप येतो. घोटभरच असतो, पण चांगला गोड असतो. उन्हाळ्यात चहाच्या जागी आंब्याच्या थंडपेयाच्या बाटल्या येतात. मोठं गिऱ्हाईक असलं की शेठ आग्रह करतात, आणि गिऱ्हाइकासमोर नको म्हणणं बरं दिसत नाही.

या बैठ्या कामात चाळिशीनंतर आमच्यापैकी जवळजवळ सगळ्यांचं वजन वाढलं. माझे गुडघे दुखायला लागले तेव्हा डॉक्टरीणबाईंनी टेप घेऊन कंबर मोजली. आपल्याकडच्या बायकांची कंबर ८० सेंटिमीटरच्या आत असावी असं त्यांनी सांगितलं. माझी बरीच वर होती. जेवणखाण त्यांनी नीट विचारून घेतलं आणि मग विचारलं, “चहा किती वेळा?” मी सांगितलं, पाच-सहा वेळा. त्यांनी कागदावर हिशेब मांडला. एका कपात दोन चमचे साखर धरली तर सहा कपांत बारा चमचे, म्हणजे पन्नास-साठ ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली सांगून ठेवलंय की वरून घातलेली साखर दिवसाला २५ ग्रॅमच्या आत राहिली तर उत्तम. मी त्याच्या दुप्पट साखर नुसती चहातून घेत होते. वर थंडपेय. असल्या पेयांत दर १०० मिलीला साधारण १० ग्रॅम किंवा त्याहून जास्त साखर असते.

त्यांनी सांगितलेला उपाय पाण्याचाच होता, पण आपल्या लेखापेक्षा वेगळा. चहा दोनदाच घ्यायचा, बाकी वेळी कप आला की त्या जागी पाणी प्यायचं. आणि जेवायच्या आधी अर्धा तास दोन ग्लास पाणी. एवढंच. मला त्याचा उपयोग झाला, म्हणूनच मी या विषयावर बोलते आहे. पाण्यात चरबी जाळणारी काही जादू आहे म्हणून फरक पडला नाही. पाणी साखरेच्या जागी आलं म्हणून पडला. चार कप चहातली आठ चमचे साखर म्हणजे दीडशे कॅलरीच्या आसपास, दूध वेगळं. महिन्याचा हिशेब केला तर कागदावर अर्धा-पाऊण किलो होतो. प्रत्यक्षात त्याहून कमीच उतरतं, कारण शरीर वहीतल्या हिशेबाने चालत नाही.

आता आपल्या लेखातले महिन्याला पाच किलो घ्या. एक किलो चरबी म्हणजे साधारण ७,७०० कॅलरी. पाच किलो महिन्यात उतरवायचे तर रोज बाराशे-तेराशे कॅलरी कमी पडायला हव्यात. माझ्यासारखी बाई दिवसभरात जेवढं खाते, त्याच्या निम्म्याहून हे जास्त आहे. ते नुसतं पाणी पिऊन होईल असं लिहिणाऱ्याने ही बेरीज करून बघितली असती तर बरं झालं असतं.

माझी भाची बीएस्सी नर्सिंग शिकते. लेख वाचल्यावर रविवारी तिला घरी बोलावून घेतलं आणि म्हटलं, यातलं खरं काय ते शोधून मला मराठीत सांग. तिने दोन अभ्यास दाखवले. पहिला अमेरिकेतल्या व्हर्जिनियातला, २०१० सालचा. ५५ ते ७५ वयाच्या ४८ जणांना बारा आठवडे मोजकं जेवण दिलं होतं. त्यातल्या काहींना प्रत्येक मुख्य जेवणाआधी अर्धा लिटर पाणी प्यायला सांगितलं. पाणी पिणाऱ्यांचं वजन इतरांपेक्षा दोनेक किलो जास्त उतरलं. दुसरा इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमचा, २०१५ चा. त्यात ८४ लठ्ठ माणसं होती. जेवणाआधी अर्धा तास अर्धा लिटर पाणी पिणाऱ्यांचं वजन बारा आठवड्यांत इतरांपेक्षा सव्वा-दीड किलोने जास्त घटलं. म्हणजे फायदा आहे, पण तीन महिन्यांत दीड-दोन किलोचा, आणि व्हर्जिनियाच्या लोकांना जेवणही मापूनच होतं. हा फायदा मला कमी वाटत नाही. भाकरी-भाजी सोडायची नाही, पावडर विकत घ्यायची नाही, आणि तरी दीड किलो उतरतं, हे पुष्कळ झालं. पण ते तेवढंच सांगायला हवं.

माझे सासरे वैद्यांकडे जाणारे. जेवणाआधी पाणी पिणारा बारीक होतो, मध्ये पिणारा आहे तसा राहतो, शेवटी पिणारा जाड होतो, असं ते नेहमी म्हणायचे. हे वाग्भटाच्या अष्टांगहृदयात आलेलं आहे. त्याच ठिकाणी असंही म्हटलंय की शरद आणि ग्रीष्म ऋतू सोडले तर निरोगी माणसानेही पाणी बेतानेच प्यावं. ‘आयुर्वेद सांगतो’ म्हणून जे चार-चार लिटरचे संदेश फोनवर फिरतात, ते हे दुसरं वाक्य सोडून देतात.

कोमट पाण्याने चरबी विरघळते, हे तर आमच्या दुकानातल्या सगळ्यांनाच खरं वाटत होतं. खरकट्या ताटावर गरम पाणी ओतलं की तूप सुटतं, तसं पोटात होत असेल असं वाटणं साहजिक आहे. पण पोटावरची चरबी अन्ननळीत किंवा आतड्यात साठलेली नसते. ती कातडीखाली आणि आतड्यांच्या भोवती पेशींमध्ये असते. प्यायलेलं पाणी तिच्यावरून वाहत जात नाही. आणि पोटात गेल्यावर थोड्याच वेळात ते कोमट असो की माठातलं, शरीराएवढंच होतं. भाचीने आणखी एक गोष्ट सांगितली, ती मला फार नवलाची वाटली. दहा किलो चरबी जळते तेव्हा तिच्यातली ८.४ किलो कार्बन डायऑक्साइड होऊन श्वासावाटे बाहेर जाते आणि उरलेल्या १.६ किलोचं पाणी होतं. २०१४ साली एका नामांकित ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात हा हिशेब छापून आलाय. म्हणजे चरबी आपण मुख्यतः उच्छ्वासातून टाकतो. ती पाण्याने धुऊन निघत नाही.

गार पाणी प्यायलं तर ते तापवायला शरीराला कॅलरी खर्चाव्या लागतात, असंही लिहिलंय. खर्चाव्या लागतात, पण किती? अर्धा लिटर पाणी २२ अंशांवरून ३७ वर न्यायला साडेसात कॅलरी लागतात. एका चमचा साखरेत याच्या दुप्पट असतात. आणि मध-लिंबू पाण्यातल्या मोठ्या चमचाभर मधात साठेक. मध आवडत असेल तर जरूर घ्यावा, पण वजन उतरवायच्या नावाखाली घेऊ नये.

आता ज्यासाठी पत्र लिहिलं त्यावर येते.

आमच्या बाजारपेठेत कापडाची, भांड्यांची, सोन्याची, बांगड्यांची मिळून पुष्कळ दुकानं आहेत आणि जवळजवळ प्रत्येक दुकानात एक-दोन तरी बायका कामाला आहेत. या सगळ्यांसाठी बायकांचं स्वच्छतागृह एकच, मंडईच्या मागे. त्याच्या एका दाराला कडी नाही, दुसऱ्याला कुलूप. नळ आहे, त्याला पाणी नसतं. संध्याकाळी सहानंतर तिथे दिवा नसतो आणि समोर हातगाड्यांवर पुरुषांचा घोळका असतो. पुरुषांची सोय लागूनच आहे, ती दिवसभर उघडी. ज्यांची घरं जवळ आहेत त्या दुपारी घरी जाऊन येतात. माझं घर बसने अर्ध्या तासावर. मागच्या गल्लीतल्या एका कासाराच्या घरी आम्ही दोघी-तिघी जातो. त्या वहिनी भल्या आहेत, कधी तोंड वाकडं केलं नाही. पण रोज उठून कुणाच्या दारात उभं राहायचं, घरात पाहुणे असले की मागे फिरायचं, हे कुठवर?

म्हणून बायका पाणीच पीत नाहीत. सकाळी घरून निघताना चहा, जेवताना दोन घोट, आणि मग रात्री घरी गेल्यावर तांब्याच्या तांब्या. दुकानात गार पाण्याचा जार रोज भरून येतो, तो गिऱ्हाइकं आणि पुरुष कामगार संपवतात. आमच्या ग्लासांना दिवसभर पाणी लागत नाही. एप्रिल-मेमध्ये आमच्याकडे पारा ४२-४३ च्या पुढे जातो, तेव्हाही हेच. एवढासा चहा प्यायचा आणि पाण्याला हात लावायचा नाही, यात तरतरी येते आणि उठावं लागत नाही, असा त्यामागचा विचार. वजन वाढवणारी सवय आणि तहान मारणारी सवय अशा एकाच कपात बसल्या आहेत. डॉक्टरीणबाईंनी सांगितलेलं पाणी मी सुरू केलं, तेव्हा मला आधी कासारवहिनींची परवानगी घ्यावी लागली. हे कुठल्याही आहारतज्ज्ञाच्या तक्त्यात नसतं.

आमच्यातली एकजण वर्षातून तीन-चार वेळा उन्हाळी लागून बेजार होते. धने-जिऱ्याचं पाणी, सब्जा, मग गोळ्या, मग परत तेच. डॉक्टर प्रत्येक वेळी पाणी वाढवा म्हणून सांगतात. ते बरोबरच सांगतात. २०१८ साली छापून आलेल्या एका चाचणीत, मूत्रमार्गाचा संसर्ग वारंवार होणाऱ्या आणि पाणी कमी पिणाऱ्या १४० बायका घेतल्या होत्या. त्यातल्या निम्म्यांना रोज दीड लिटर पाणी जास्त दिलं, तर वर्षभरात त्यांचा संसर्ग इतरांच्या जवळपास निम्म्यावर आला. वजनाच्या दीड-दोन किलोंपेक्षा मला हा फायदा मोठा वाटतो. पण आमच्या मैत्रिणीने ते दीड लिटर पिऊन जायचं कुठे?

यंदाच्या लग्नसराईत एक नवरी बस्त्याला आली होती. हातात दोन लिटरची पारदर्शक बाटली, तिच्यावर तासागणिक खुणा केलेल्या: नऊ वाजता इथपर्यंत, अकराला इथपर्यंत. शालूचं ब्लाउज बसायला हवं म्हणून वजन उतरवत होती बिचारी. शालू निवडून झाला, मानपानाच्या साड्या सुरू झाल्या, तशी ती अवघडून बसायला लागली. मग माझ्या कानाशी येऊन हळूच विचारलं, “मावशी, इथे बाथरूम कुठंय?” मी तिला कासारवहिनींकडे घेऊन गेले. त्यांच्या दाराला कुलूप. मंडईमागचं दार बघून ती तशीच परत आली. शेवटी भावाच्या गाडीवरून नात्यातल्या कुणाच्या तरी घरी गेली, आणि बस्ता तासभर थांबला. परत आली तेव्हा बाटली पिशवीत ठेवलेली होती. दिवस संपेपर्यंत तिने ती बाहेर काढली नाही. दोन महिन्यांवर लग्न असलेल्या, घरात कूलर-फ्रीज असलेल्या मुलीची ही गत, तर रोज इथे राबणाऱ्यांचं काय सांगावं.

कायद्याचंही मी विचारून घेतलं. महाराष्ट्रात दुकानं आणि आस्थापनांसाठी २०१७ साली नवा कायदा आला. त्यात पिण्याचं पाणी आणि स्वच्छतागृह देणं मालकावर बंधनकारक आहे. जागा नसेल तर अनेक मालकांनी मिळून एक सामाईक सोय करावी, अशीही मुभा आहे. पण हा कायदा आला तोच दहा किंवा अधिक कामगार असलेल्या ठिकाणांसाठी. आमच्या पेठेतल्या बहुतेक दुकानांत चार-पाच माणसं. म्हणजे नियमाने आमचं कुणीच देणं लागत नाही. आमच्या शेठना मी दोष देणार नाही. जुन्या वाड्यातलं दुकान, पुढे दहा फूट, मागे गोदाम, मोरी काढायला जागाच नाही. पण सामाईक सोयीची ती कल्पना चांगली आहे. व्यापारी मंडळींनी मनावर घेतलं तर दर दुकानामागे महिन्याला थोडी वर्गणी काढून एक बाई सफाईला ठेवता येईल आणि एक खोली भाड्याने घेता येईल. मुंबईत २०११ पासून बायकांनी ‘राइट टू पी’, म्हणजे लघवीला जाण्याचा हक्क, या नावाने स्वच्छतागृहाच्या एकाच मागणीसाठी चळवळ चालवली. मोठ्या शहरातल्या बायकांना एवढं झगडावं लागलं, तर तालुक्याच्या गावात कुणीतरी आवाज उठवल्याशिवाय काही हलणार नाही. नगरपालिकेकडे आम्ही पेठेतल्या बायकांनी सह्यांचा अर्ज दिला आहे. पोच मिळाली, पुढे काही नाही.

आणखी एक गोष्ट, आणि ती अगदी कळकळीने लिहिते. माझ्या मोठ्या दिरांचं आठवड्यातून दोनदा डायलिसिस होतं. त्यांचं दिवसाचं पाणी मोजून ठेवलेलं असतं, औषधाच्या गोळीबरोबरचा घोटसुद्धा त्यात धरतात. दोन डायलिसिसच्या मधे त्यांचं वजन वाढतं ते अंगात साठलेल्या पाण्याने. पाणी जास्त झालं की पाय सुजतात आणि रात्री आडवं पडलं की धाप लागते. आपल्या लेखाचं कात्रण एका नातेवाइकाने त्यांना प्रेमाने फोनवर पाठवलं. जाऊबाईंनी वेळीच समजावलं म्हणून बरं. मूत्रपिंडाचा आजार असलेले, हृदय कमजोर असलेले, अशी माणसं आता घरोघरी आहेत. त्यांच्यासाठी लेखात एक ओळही नव्हती. धडधाकट माणसालासुद्धा मर्यादा आहे. मूत्रपिंडं तासाला लिटरभराच्या आसपासच पाणी बाहेर टाकू शकतात. त्याहून जास्त घटाघटा प्यायलं तर रक्तातलं सोडियम उतरतं. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये तपासलेल्या ४८८ धावपटूंपैकी १३ टक्क्यांचं सोडियम असं उतरलेलं सापडलं होतं, आणि त्यामागचं मोठं कारण धावताना अति पाणी पिणं हे होतं. हे लोक रोजचे पळणारे होते. आपले वाचक तर सकाळी उठल्याबरोबर लिटर-दीड लिटर एका दमात संपवायला बघतात, कारण लेखात ‘उठल्याबरोबर’ असं ठळक अक्षरांत छापलं होतं.

तेव्हा संपादक महोदय, माझ्या आपल्याला तीन विनंत्या आहेत. पुढच्या पुरवणीत ‘मूत्रपिंड किंवा हृदयाचा आजार असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय पाणी वाढवू नका’ ही सूचना ठळकपणे छापावी, म्हणजे ज्यांनी ते कात्रण जपून ठेवलंय त्यांच्या नजरेस येईल. महिन्याला पाच किलोचा आकडा मागे घ्यावा. आणि आपले वार्ताहर तालुक्या-तालुक्याला आहेत, त्यांना एकदा भर दुपारी आपापल्या गावच्या बाजारपेठेत पाठवावं आणि बायकांसाठी स्वच्छतागृह आहे का, उघडं आहे का, आत पाणी आणि कडी आहे का, एवढं लिहून आणायला सांगावं. गावांची यादी नावानिशी छापा. आमच्या गावचा वार्ताहर आला तर मंडईमागचा रस्ता मी स्वतः दाखवीन. पुढची लग्नसराई तुळशीच्या लग्नानंतर सुरू होईल, त्याआधी आला तर नगरपालिकेला हालचाल करायला वेळ मिळेल.

आपली नियमित वाचक,
साडीच्या दुकानातील एक विक्रेती, जि. सोलापूर
(नाव व पत्ता कार्यालयाकडे दिला आहे, कृपया छापू नये.)